परदेशी सून, तिचे घर आणि तिचे काम

(संघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणा विद्वानाचे व्याख्यान होते. यंदा तो मान आम्हांस मिळाला, याचे कारण विद्वत्ता नव्हे हे आम्ही पुरते जाणून आहोत. आमच्या घरी जर्मन सून आली, ती येथेच राहिली, आणि आता ती येथे कामही करते, एवढीच आमची पात्रता. चिटणीस महाशयांनी सांगितले की, गेल्या काही वर्षांत ज्ञातीतील अनेक घरांत असे विवाह झाले आहेत, काही व्हावयाचे आहेत, आणि पालक मंडळी एकमेकांस चोरून विचारतात की पुढे काय करावे. चोरून विचारण्यापेक्षा उघड बोललेले बरे, म्हणून आम्ही ही आज्ञा मान्य केली.

आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, अशा विवाहात अडचण काय ती लग्नाची. घरच्यांची संमती मिळाली, आत्याबाई आणि मामा राजी झाले, मंगल कार्यालय ठरले, की गंगेत घोडे न्हाले. आमचीही समजूत तीच होती. अनुभवांती असे दिसले की, लग्न हा त्यातील सर्वांत सोपा भाग. परक्या देशातील मनुष्य आपल्या देशात आणून वसवावयाचे म्हणजे त्यास तीन गोष्टी द्याव्या लागतात: राहण्याचा कायदेशीर हक्क, घरातील जागा आणि करावयास काम. पहिली गोष्ट सरकार देते, दुसरी आपण देतो, आणि तिसरीकडे कोणाचेच लक्ष नसते. आमचेही नव्हते. ती चूक आज आपणांपुढे कबूल करावयाची आहे.

प्रथम थोडा मागचा काळ पाहू. 1928 साली इंदूरचे श्रीमंत तुकोजीराव होळकर यांनी, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी गादी सोडलेल्या महाराजांनी, नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. राजाच तो, त्यास काय कठीण, असे वाटेल. परंतु त्या विवाहासाठी काय काय करावे लागले ते पाहण्यासारखे आहे. करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते त्या तरुणीची शुद्धी झाली, तिचे नाव शर्मिष्ठा ठेवण्यात आले. तेवढ्याने भागेना, कारण हिंदू झाली तरी ज्ञाती कोणती? तेव्हा धनगर समाजातील एका गृहस्थांनी तिला कन्या म्हणून दत्तक घेतले आणि मगच बडवाह येथे लग्न लागले. सुनेला सासर मिळण्यापूर्वी आपल्या देशात माहेर मिळवावे लागले! महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत त्या काळी या प्रकरणावर मोठे वादळ उठले होते. बाई मात्र येथील झाल्या आणि 1995 साली निवर्तल्या.

आज यातील काहीच करावे लागत नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. वराचा धर्म कोणता आणि वधूचा कोणता हे तो विचारीत नाही, शुद्धी मागत नाही, दत्तकविधानही मागत नाही. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावयाची. दोघांपैकी एकाचे तरी नोटिशीपूर्वी 30 दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवे. नोटीस फलकावर लागते, आणखी 30 दिवस हरकतीसाठी जातात, मग तीन साक्षीदारांसमक्ष सह्या होतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती नोटीस रद्द होऊन सर्व पुन्हा करावे लागते. परदेशी पक्षाने आपण अविवाहित असल्याचा स्वदेशाचा दाखला आणावयाचा. आमच्या सूनबाईंच्या गावच्या नोंदणी कार्यालयाने दिलेल्या दाखल्याची मुदत सहा महिने होती. या दोन मुदतींचा मेळ घालून तारीख धरावी लागली, आणि त्यात मुहूर्ताला फारसा वाव उरला नाही, हे आमच्या वृद्ध मातोश्रींना समजावताना आमची जी तारांबळ उडाली ती निराळी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण या चुकीची उदाहरणे आमच्या कानांवर आहेत. भटजींनी सप्तपदी केली, फोटो निघाले, पंक्ती उठल्या, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विवाह झाला असे समजू नका. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यास दोन्ही पक्ष हिंदू असावे लागतात. वधू ख्रिस्ती असून तशीच राहणार असेल तर त्या विधीला आपल्या भावनेत मोल आहे, कायद्यात नाही. विधी अवश्य करा, आम्हीही केले. परंतु नोंदणी विशेष विवाह कायद्याखाली करा आणि ती विलंब न लावता करा. विलंब का नको, ते पुढे येईल.

याच कायद्याचे आणखी एक अंग घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे. एकत्र हिंदू कुटुंबातील सभासदाने हिंदू नसलेल्या व्यक्तीशी या कायद्याखाली विवाह केला की कलम 19 अन्वये तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते. पुढील वारसाही मग भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चालतो. हे ऐकून आमच्या एका नातलगांनी, “म्हणजे मुलगा हातचा गेलाच,” असे उद्गार काढले. मुलगा कोठेही गेला नव्हता, शेजारच्या खोलीत झोपला होता. ज्यांची गावी सामाईक मिळकत आहे त्यांनी वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, एवढाच याचा अर्थ.

आता राहण्याच्या हक्काकडे वळू. आमचा मुलगा स्टुटगार्ट येथे अभियांत्रिकीच्या शिक्षणास गेला होता. तेथेच नजीकच्या एस्लिंगेन गावची ही मुलगी. मुलाला परत यावयाचे होते आणि तिने त्याच्याबरोबर येण्याचे ठरविले. 2022 च्या नोव्हेंबरात पुण्यास विवाह झाला. त्या वेळी ती प्रवासी व्हिसावर आलेली होती. विवाहानंतर तो बदलून प्रवेश व्हिसा, ज्याला ‘एक्स’ व्हिसा म्हणतात, तो घेतला. भारतीय नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला हा मिळतो. अर्ज 2018 पासून संगणकावर भरता येतो. कचेरीत खेपा कमी झाल्या, कागद मात्र तेवढेच राहिले. 180 दिवसांहून अधिक मुदतीचा असा व्हिसा घेऊन येणाऱ्याने आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावयाची असते, हेही ध्यानात ठेवावे. परदेशी नागरिकांविषयीचे 1939 आणि 1946 चे जुने कायदे जाऊन 1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, 2025 हा नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा कोणी दहा वर्षांपूर्वीचा अनुभव सांगू लागल्यास तो ऐकून घ्यावा, पण त्यावर विसंबू नये.

व्हिसाची मुदत हा विषय क्षुल्लक वाटतो. आमच्या घरी काय घडले ते सांगतो. 2023 च्या नोव्हेंबरात सूनबाईंचे डोहाळजेवण होते. फुलांच्या वाड्या, झोपाळा, ओटीचे सामान, निमंत्रणे, यांत सारे घर गुंतले होते. त्याच पंधरवड्यात व्हिसाची मुदत संपत होती, आणि मुलास, आम्हांस, कोणासही त्याची आठवण नव्हती. आठवण तिलाच झाली. हातातल्या हिरव्या बांगड्या सावरीत तिने मुलाला संगणकापुढे बसविले आणि मुदत संपण्यास चार दिवस असताना अर्ज गेला. पुढे कायदा वाचला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय नागरिक ठरावयाचे तर आईबाप दोघेही भारतीय असावे लागतात. किंवा एक भारतीय असेल तर दुसरा अवैध स्थलांतरित नसावा लागतो. आणि अवैध स्थलांतरित या शब्दाच्या व्याख्येत व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला मनुष्य येतो. म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या आमच्या नातवाचे जन्मसिद्ध नागरिकत्व, आम्ही झोपाळ्याला फुले बांधीत असताना, चार दिवसांच्या अंतरावर टांगलेले होते! ज्या घरी अशी सून अगर असा जावई आहे त्या घरी भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशीच्या आधी ती तारीख लाल शाईने लिहून ठेवावी.

परंतु आमच्या आजच्या भाषणाचा गाभा निराळा आहे. हा प्रवेश व्हिसा राहण्याची परवानगी देतो, नोकरीची देत नाही. ओ.सी.आय. कार्ड, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया या नावाची जी नोंदणी आहे, ती मिळाली म्हणजे नोकरी करता येते. भारतीय नागरिकाच्या परदेशी पती अगर पत्नीस या कार्डासाठी अर्ज करता येतो तो विवाहाची नोंदणी झालेली असून विवाह सलग दोन वर्षे टिकल्यावर. नोंदणीस विलंब नको असे मघाशी म्हणालो ते यासाठीच. स्वतः किंवा आईबाप, आजेआजोबा, पणजोबा यांपैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगला देशाचे नागरिक असतील वा पूर्वी असतील तर हे कार्ड मिळत नाही.

तर मधली दोन वर्षे. आमची सून एस्लिंगेन येथे यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होती. सात वर्षांची नोकरी, स्वतःचे भाड्याचे घर, स्वतःची मोटार. ती येथे आली आणि एका दिवसात तिच्या हातचे काम गेले. कोणी काढून घेतले नाही. ते देशाबरोबर मागे राहिले.

आम्ही काय केले? आम्ही तिला म्हणालो, “बाळ, नोकरीची घाई कशाला? या घरात तुला कशाची कमतरता आहे?” हे वाक्य आम्ही प्रेमाने बोललो, त्यात खोट नव्हती. सौभाग्यवतींनी तिला पुरणाची पोळी शिकविली, मराठी शिकविली. मराठी ती फार लवकर शिकली, कारण जर्मन भाषेतही आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. इंग्रजांना आपल्या ‘तो, ती, ते’ने घाम फुटतो, तिला त्याचे काहीच वाटले नाही. उलट मुलीला जर्मन भाषेत नपुंसकलिंग असते हे तिने सांगितले तेव्हा आमच्या मातोश्री पदराआड हसल्या. पाहुणे येत, तिची मराठी ऐकून तोंडात बोटे घालीत, आणि आम्ही धन्य होत असू. आमच्या मते सर्व काही उत्तम चालले होते.

शेजारच्या इमारतीतील दोन विद्यार्थी जर्मनीस जाण्याच्या तयारीत होते. त्यांच्या वडिलांनी तिला विनंती केली की, मुलांना जर्मन शिकवावे, योग्य ती फी देऊ. तिने शिकविले, फी घेतली नाही. व्हिसाच्या अटींत मोबदल्याचे काम बसत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. आमच्याच एका नातेवाईक बाईंनी याचा अर्थ “गोऱ्या लोकांना पैशाचा माज” असा लावला. आणि आम्ही, लाज वाटते सांगावयास, ते ऐकून गप्प बसलो. तिची जर्मनीतील शिल्लक त्या सुमारास संपत आली होती, हे आम्हांस ठाऊकच नव्हते.

ते कसे कळले ते सांगतो. बाळंतपणानंतर खोली आवरताना सौभाग्यवतींच्या हाती एक वही आली. साधी, शाळकरी, रेघांची. आत सुवाच्य अक्षरात तारीखवार हिशेब. रिक्षा, 60. चपला, 450. आईच्या वाढदिवसाची भेट, टपालासह, 1,800. केस कापणे, 300. प्रत्येक रकमेपुढे ती कोणाकडून घेतली त्याची आद्याक्षरे: मुलाचे, आमचे, सौभाग्यवतींचे. पानाच्या तळाशी बेरीज, ती पुढच्या पानावर ओढलेली. एका वर्षाहून अधिक काळाचा हिशेब होता तो. एका पानावर ‘सासूबाई, 20, लिंबे, शिल्लक परत 4’ अशी नोंद होती.

सौभाग्यवतींनी वही जागेवर ठेवली आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आम्हांस प्रथम रागच आला. घरच्या माणसांशी असा हिशेब? परकेपणाची परिसीमा झाली! रात्री विषय काढला तेव्हा सून शांतपणे म्हणाली, “बाबा, मी हिशेबनीस आहे. तुम्ही मला घर दिलेत, ते मी लिहिले नाही, ते लिहिता येत नाही. पण चपला माझ्या आहेत. त्यांचे पैसे मी कमवीत असते तर दिले असते.”

भगिनीहो, आपल्यापैकी कितीजणींनी अशी वही मनातल्या मनात ठेवली असेल, हे आम्ही विचारणार नाही. आमच्या मातोश्रींनी मात्र त्या रात्री एवढेच म्हटले की, आपल्याला लिहिता येत नव्हते म्हणून, नाही तर आपलीही वही निघाली असती.

त्यानंतर आम्ही ज्या गोष्टी दोन वर्षांपूर्वी करावयास हव्या होत्या त्या करू लागलो. प्रथम तिच्या एकटीच्या नावाचे बँक खाते. आमच्या परिचयाच्या एका बँकेत तीन खेपा झाल्या. तेथील कारकून तिला काहीच विचारीना, सर्व प्रश्न आमच्याकडे पाहून विचारी. “यांचा पत्ता कोणता?” “यांना मराठी येते का?” तिसऱ्या खेपेस तिने त्याच्या अर्जातील चुकलेली तारीख त्याला दाखविली, आणि खाते उघडले. आमचा मुलगा दरमहा ठरावीक रक्कम त्या खात्यात घालू लागला. कशासाठी घालतो आणि तिने ती कशी खर्च करावी, हा प्रश्न घरात पुन्हा निघाला नाही. आधार क्रमांकही घेतला. मागील बारा महिन्यांत 182 दिवस येथे राहिलेल्या परदेशी नागरिकास तो मिळतो. तो नागरिकत्वाचा पुरावा मात्र नव्हे.

2024 च्या नोव्हेंबरात दोन वर्षे पुरी झाली, त्याच आठवड्यात ओ.सी.आय.चा अर्ज गेला. पुढील वर्षी कार्ड आले आणि जूनपासून ती चाकणला एका कारखान्याच्या हिशेबखात्यात कामास जाऊ लागली. पगार जर्मनीच्या मानाने किती, हे विचारू नका. सकाळी सात वाजता ती डबा घेऊन बसची वाट पाहत उभी असते तेव्हा तिच्या चालण्यात जो फरक पडला आहे तो आम्ही गॅलरीतून रोज पाहतो.

या कार्डाने काय मिळते आणि काय नाही, तेही थोडक्यात सांगतो. मताचा अधिकार नाही, सरकारी नोकरी सामान्यतः नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वृत्तपत्रव्यवसाय, संशोधन, धर्मप्रचार, गिर्यारोहण यांसाठी 2021 च्या अधिसूचनेप्रमाणे वेगळी परवानगी लागते. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांना आपापल्या व्यवसायाचे कायदे लागू आहेत, तेव्हा अशी सून अगर जावई आणणाऱ्याने विवाहापूर्वीच त्या व्यवसायाच्या परिषदेकडे चौकशी करावी. पूर्ण नागरिकत्व हवे असेल तर भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या व्यक्तीने सामान्यतः सात वर्षे भारतात राहिल्यावर नोंदणीने ते मागता येते. 1955 च्या मूळ कायद्यात ही सवलत स्त्रियांनाच होती, जावयांना नव्हती. पुढे ती दोघांना लागू झाली. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. जर्मनीने जून 2024 पासून आपल्या लोकांना दुसरे नागरिकत्व घेण्याची मोकळीक दिली असली तरी भारतीय व्हावयाचे तर तिला जर्मन नागरिकत्व सोडावे लागेल. तिने अजून निर्णय केलेला नाही. आम्ही विचारीत नाही. ज्याने स्वतः कधी काही सोडले नाही त्याने दुसऱ्यास “सोड की” म्हणणे आम्हांस बरे वाटत नाही.

आणि एक कठीण गोष्ट. विवाहाच्या आधारे मिळालेले हे कार्ड, न्यायालयाने विवाह विच्छेद केल्यास, रद्द होऊ शकते. पतीच्या निधनाचा त्या कलमात उल्लेख नाही, विच्छेदाचा आहे. म्हणजे जिने देश, नोकरी, आईबाप सोडले तिचे येथील राहणे आपल्या चिरंजीवांच्या मर्जीच्या खुंटीला टांगलेले असते. घरात भांडण झाले तर येथील सून माहेरी जाते, दोन दिवस राहते, परत येते. या सुनेचे माहेर विमानाने नऊ-दहा तासांवर आहे, आणि तिकडे गेल्यावर परतीची वाट पतीच्या सहीवर अवलंबून असण्याचा संभव आहे. नवऱ्याच्या हाती इतकी सत्ता आपल्या आजोबांच्याही हाती नव्हती. म्हणून आम्ही पालकांना विनवितो की, कागदपत्रांची फाईल मुलाच्या कपाटात नव्हे, तिच्या कपाटात असू द्या.

मराठी घरांत आलेल्या दोन बायकांची नावे येथे घेतल्यावाचून राहवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ईव्ह मादाय द मारोस यांनी 1932 साली विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लखनौस विवाह केला आणि त्या सावित्रीबाई खानोलकर झाल्या. त्या मराठी आणि संस्कृत शिकल्या, महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. परंतु त्यांची खरी ओळख तीमुळे नव्हे. स्वतंत्र भारताने परमवीर चक्र निर्माण केले त्या पदकाची आकृती त्यांनी काढली; दधीचींच्या अस्थींचे वज्र त्यावर आहे. 1952 साली पती निवर्तले, तरी त्या भारतातच राहिल्या आणि 1990 साली भारतातच गेल्या. दुसऱ्या गेल ऑम्वेट. अमेरिकेतील मिनिआपोलिसच्या. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी 1973 साली बर्कले येथे प्रबंध लिहिला, 1976 साली डॉ. भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, सांगली जिल्ह्यातील कासेगावात संसार मांडला, 1983 साली त्या भारतीय नागरिक झाल्या आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याच गावी निवर्तल्या. ज्ञातिसंस्थांविषयी त्यांची मते आपल्या संघाला गोड लागली असती असे नव्हे. तरी कासेगावच्या त्या घराविषयी आम्हांस आदर वाटतो, कारण सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः स्वातंत्र्यसैनिक होत्या आणि बाहेरून आलेल्या सुनेने चूल सांभाळून बसावे अशी त्या घरात कोणाची अपेक्षा नव्हती. मोर्चात चालणारी सासू मिळाली की सुनेला काम शोधावे लागत नाही!

गेल्यांची नावे घेतो आहोत तो पांडुरंग खानखोजे यांचेही घेऊ. विदर्भातील हा क्रांतिकारक परदेशात हद्दपारासारखा फिरला, मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला, तेथे त्याने बेल्जियन तरुणीशी लग्न केले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात ते कुटुंब नागपुरास येऊन राहिले. तिच्या वाट्याला नागपूरचा मे महिना आला, याचा विचार करून पाहावा.

असो. आता थोडे आपल्या संघाविषयी, आणि मग आम्ही रजा घेऊ. आपल्या संघाने मोठ्या परिश्रमाने ज्ञातीची कुटुंब-परिचय पुस्तिका काढली. तीत आमच्या मुलाच्या नावापुढे पत्नीच्या रकान्यात आडवी रेघ आहे. आम्ही चौकशी केली. संपादक मंडळींचा उद्देश वाईट नव्हता. अर्जात पत्नीचे माहेरचे आडनाव, मूळ गाव आणि कुलदैवत असे तीन रकाने आहेत, आणि त्यांत काय लिहावे हे त्यांना सुचेना. 1928 साली सुनेला आधी दत्तक घेऊन मग ज्ञातीत आणावे लागले. आज आम्ही तिला रेघ दिली. ज्या मुलींनी ज्ञातीबाहेर विवाह केले त्यांची नावे तर माहेरच्या कुटुंबातून साफ गळालेली आहेत. त्यांचे परदेशी पती पुढची गोष्ट. त्या मुलींपैकी दोघी आज या सभागृहात मागच्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या मुलांची नावे बालगटाच्या बक्षिसांच्या यादीत आहेत.

सुधारित आवृत्तीचा मजकूर दिवाळीनंतर छापखान्याकडे जाणार असे कळते. कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, कुलदैवताचा रकाना ऐच्छिक करावा, व्यवसायाचा रकाना पतीप्रमाणे पत्नीसही ठेवावा, आणि लेकींची नावे परत घ्यावीत. आमच्या कुटुंबापुरता मजकूर आम्ही सुनेकडून देवनागरीत लिहवून आणला आहे. माहेरचे गाव एस्लिंगेन, नेकार नदीकाठी, व्यवसाय, हिशेबनीस. अक्षर तिचेच आहे, त्यामुळे मुद्रितशोधकांस त्रास पडणार नाही. हा कागद अध्यक्ष महाशयांच्या स्वाधीन करतो.